हुकलेल्या भेटीपलीकडचे गॅरी किल्डॉल

एकच तबकडी वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांत सुरळीत चालावी, ही सोय आज सर्वांनी गृहीत धरली आहे. तिचा पाया घालणाऱ्यांत गॅरी किल्डॉल यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जगाने मात्र त्यांना लक्षात ठेवले ते आयबीएमबरोबरच्या एका हुकलेल्या भेटीसाठी.

देवगड तालुक्यातील कुणकेश्वराचे मंदिर समुद्राला अगदी लागून उभे आहे. या मंदिराविषयी एक आख्यायिका किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. एका परदेशी व्यापाऱ्याचे गलबत वादळात सापडले. काळोखात त्याला किनाऱ्यावर मिणमिणता दिवा दिसला. त्या दिव्याच्या रोखाने गलबत सुखरूप किनाऱ्याला लागले आणि नवस फेडण्यासाठी व्यापाऱ्याने तेथे मंदिर बांधले. आख्यायिकेकडे इतिहासाचा पुरावा मागू नये. पण तिच्यातील एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्या दिव्याने गलबत कोणाचे, खलाशांची भाषा कोणती, याची चौकशी केली नाही.

संगणकाच्या जगात असा दिवा बराच काळ नव्हता. २००० च्या दशकात महाशिवरात्रीच्या यात्रेला कुणकेश्वरी येणाऱ्या चाकरमान्याने मुंबईहून छायाचित्रांची, भजनांची किंवा एखाद्या सॉफ्टवेअरची सीडी बरोबर आणली, तर ती गावातील संगणकात उघडेल की नाही याची चिंता त्याला सहसा नसे. संगणक कोणत्या कंपनीचा, हा प्रश्नही मनात येत नसे. त्याआधी पाव शतक मात्र एका यंत्रावर लिहिलेला प्रोग्रॅम शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर चालणे हीच नवलाची बाब होती. ही परिस्थिती बदलणाऱ्या किल्डॉल यांचा जन्म, योगायोगाने, नौकानयन शिकवणाऱ्या घराण्यात झाला होता.

खलाशांच्या शाळेतून

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल या बंदराच्या शहरात झाला. तेथे त्यांच्या कुटुंबाची नौकानयनाची शाळा होती. ती आजोबांनी सुरू केली आणि पुढे वडिलांनी चालवली. समुद्रात जहाजाचे स्थान निश्चित करण्यासाठी ताऱ्यांची उंची मोजून त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड करावी लागे. माहिती आत टाकून दांडा फिरवला की जहाजाचे स्थान बाहेर पडेल, असे एखादे यंत्र असावे, हे वडिलांचे स्वप्न होते.

शाळेत गॅरी यांचा अभ्यासापेक्षा खोड्या आणि यंत्रांची मोडतोड यांकडे ओढा अधिक होता. गणिताचे शिक्षक होण्याच्या इराद्याने ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तेथे संगणकाने त्यांना पुरते झपाटले. १९६३ मध्ये शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्हिएतनाम युद्धामुळे सक्तीच्या लष्करी सेवेचे ते दिवस होते. किल्डॉल यांच्या वाट्याला नौदलाची सेवा आली आणि ती कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवून पूर्ण करण्याची संधी त्यांना मिळाली. सेवेची मुदत संपल्यावरही ते तेथेच अध्यापक म्हणून राहिले. १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

१९७१ च्या अखेरीस इंटेल कंपनीने ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. खोलीभर पसरलेल्या संगणकाचे गणिती काम करणारी ती नखाएवढी चकती होती. वडिलांच्या स्वप्नातील यंत्र यातून घडवता येईल, या विचाराने किल्डॉल तिच्यावर काम करू लागले. ते यंत्र काही तयार झाले नाही, पण या खटाटोपातून ते इंटेलचे सल्लागार झाले. महाविद्यालयातील तासांतून मोकळा झालेला दिवस ते सिलिकॉन व्हॅलीत घालवू लागले. मायक्रोप्रोसेसरसाठी आकड्यांच्या सांकेतिक भाषेऐवजी माणसाला वाचता येईल अशी भाषा असावी, म्हणून त्यांनी १९७३ मध्ये पीएल/एम ही भाषा तयार केली. या प्रकारची ती पहिली भाषा मानली जाते.

शेडमधील संगणक

अडचण साठवणुकीची होती. कागदी पट्टीवर छिद्रे पाडून प्रोग्रॅम साठवण्याची रीत अतिशय संथ होती. त्याच सुमारास फ्लॉपी डिस्क आली होती. आठ इंच व्यासाची ती लवचिक चकती सुमारे अडीचशे किलोबाइट मजकूर साठवू शकत असे. शुगार्ट या कंपनीकडून किल्डॉल यांना चाचण्यांत झिजलेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. मात्र तो संगणकाला जोडण्याचे विद्युत मंडल त्यांना जमेना. बरेच महिने तो ड्राइव्ह नुसता पडून राहिला. अखेर विद्यापीठातील मित्र जॉन टोरोडी यांनी ते मंडल जुळवून दिले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह येथील घरामागच्या अवजारांच्या शेडमध्ये किल्डॉल यांची ऑपरेटिंग सिस्टीम त्या ड्राइव्हवरून पहिल्यांदा सुरू झाली. तिचे नाव सीपी/एम. इंटेलने पीएल/एम घेतली होती, सीपी/एममध्ये मात्र तिने रस दाखवला नाही. तेव्हा गॅरी आणि डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. तिचे नाव पुढे डिजिटल रिसर्च झाले. व्यवहार डोरोथी पाहत आणि प्रोग्रॅम गॅरी लिहीत.

किल्डॉल यांच्या कामाचे खरे मोल कळते ते पुढच्या टप्प्यात. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती आणि लहान कार्यालयांसाठीचे संगणक बनवणाऱ्या अनेक कंपन्या अमेरिकेत उगवल्या. प्रत्येकाचा ड्राइव्ह निराळा, पडदा निराळा, कळफलक जोडण्याची पद्धत निराळी. प्रत्येक यंत्रासाठी सीपी/एमची नवी आवृत्ती लिहिणे म्हणजे दर गिऱ्हाइकासाठी घर पायापासून पुन्हा बांधणे होते. इमसाय या कंपनीने आपल्या यंत्रासाठी सीपी/एमची मागणी केली, तेव्हा किल्डॉल यांनी सिस्टीमचे दोन भाग केले. यंत्रावर अवलंबून असलेला सर्व भाग त्यांनी एका छोट्या कप्प्यात वेगळा काढला आणि त्याला बायोस असे नाव दिले. उरलेली सिस्टीम सर्व यंत्रांवर जशीच्या तशी राहिली.

१९७९ च्या सुमारास आलेल्या २.२ या आवृत्तीत बायोसकडे फक्त १७ कामे होती. कळफलकावरून एक अक्षर घेणे, पडद्यावर एक अक्षर दाखवणे, डिस्कचा ठरावीक भाग वाचणे किंवा लिहिणे, अशी ती साधी कामे. संगणक बनवणाऱ्याने एवढी १७ कामे आपल्या यंत्रापुरती लिहून दिली की सीपी/एमसाठीचे प्रोग्रॅम त्यावर चालू लागत. प्रोग्रॅमला खाली कोणते यंत्र आहे हे पाहावे लागत नसे. मदत हवी असेल तेव्हा तो स्मृतीतील ५ क्रमांकाच्या पत्त्यावर हाक देई. यंत्र कोणतेही असो, पत्ता तोच.

याचा परिणाम विलक्षण झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी सुमारे तीन हजार वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर सीपी/एम चालत होती. एकदा प्रोग्रॅम लिहावा आणि शेकडो कंपन्यांच्या यंत्रांसाठी विकावा, असा धंदा प्रथमच शक्य झाला. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र उद्योग म्हणून उभा राहिला तो यामुळेच. मुंबई-पुण्यातील कार्यालयांत काम केलेल्या एका पिढीच्या बोटांना सवय झालेला वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम आणि डीबेस हा नोंदींचा प्रोग्रॅम, हे दोन्ही मुळात सीपी/एमवर वाढले आणि नंतर डॉसवर आले.

ताट सारखे, पाट वेगळे

तरीही एक अडसर राहिलाच होता आणि तो तबकडीचा होता. आठ इंची फ्लॉपीवर मजकूर मांडण्याची आयबीएमची एक पद्धत बहुतेकांनी स्वीकारली होती. सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि हा मेळ बिघडला. किती वर्तुळे आखायची, प्रत्येक वर्तुळाचे किती तुकडे करायचे, एका बाजूला लिहायचे की दोन्ही, हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले. ऑसबॉर्नची फ्लॉपी केप्रोला कळेना. आतील प्रोग्रॅम एकच, पण तो पोहोचवणारी तबकडी मात्र दर यंत्राला वेगळी. न्यूयॉर्कच्या लाइफबोट या विक्रेत्या कंपनीला एकच प्रोग्रॅम डझनावारी प्रकारच्या फ्लॉपींवर उतरवून विकावा लागे आणि मागणी नोंदवताना गिऱ्हाइकाला आपल्या फ्लॉपीचा सांकेतिक क्रमांक कळवावा लागे. तबकडी वाचली गेली तरी काम संपत नसे. वर्डस्टारबरोबर एक वेगळा इन्स्टॉल प्रोग्रॅम येई. समोरचा पडदा कोणत्या कंपनीचा आहे, हे त्यात यादीतून निवडून द्यावे लागे. आज नवे सॉफ्टवेअर बसवताना जे प्रश्न पडद्यावर येतात, त्यांचे हे पूर्वज म्हणता येतील.

हा गुंता सुटण्याआधीच किल्डॉल यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेला प्रसंग घडला.

आयबीएमचे पाहुणे

१९८० मध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक काढण्याचे ठरवले आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या शोधात तिचे प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले. डिजिटल रिसर्चचे कार्यालय तेथील लाइटहाउस ॲव्हेन्यूवर, म्हणजे दीपगृहाच्या रस्त्यावर, एका जुन्या घरात होते. त्या दिवशी सकाळी किल्डॉल आपले छोटे विमान घेऊन एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. बोलणी करण्याचे काम नेहमीप्रमाणे डोरोथी यांच्याकडे होते. आयबीएमने प्रथम गुप्ततेच्या करारावर सही मागितली. तो करार फारच एकतर्फी असल्याने वकिलाच्या सल्ल्यावरून डोरोथी यांनी सही करण्याचे टाळले. दुपारी किल्डॉल परतले. त्यानंतर काय बोलणे झाले, कितपत ठरले, याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. व्यवहार मात्र झाला नाही.

आयबीएमने ते काम मायक्रोसॉफ्टला दिले. मायक्रोसॉफ्टने सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीकडून टिम पॅटर्सन यांनी लिहिलेली सिस्टीम विकत घेतली. सीपी/एमसाठीचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत, यासाठी पॅटर्सन यांनी तिच्या हाका सीपी/एमच्याच धर्तीवर ठेवल्या होत्या. हीच पुढे डॉस म्हणून जगभर गेली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. किल्डॉल यांना डॉसमध्ये आपल्या कामाची छाया दिसली. पण सॉफ्टवेअरच्या हक्कांविषयीचा कायदा तेव्हा इतका कच्चा होता की न्यायालयात जाण्यात अर्थ नाही, असा सल्ला त्यांना मिळाला. तडजोड म्हणून आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही ग्राहकांपुढे ठेवण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात किमतीच जाहीर झाल्या त्या अशा, की डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम २४० डॉलरला. निकाल दुकानाच्या फळीवरच लागला.

मायक्रोसॉफ्ट जगातील बलाढ्य कंपनी झाली आणि मागे एक चटपटीत कथा उरली. आयबीएम दारात उभी असताना किल्डॉल हौसेखातर विमान उडवत होते, अशी ती कथा. ते कामासाठी गेले होते आणि त्याच दिवशी परतलेही होते, हा तपशील तिच्यातून गळून पडला. ज्याने हजारो यंत्रांना एक भाषा दिली, त्याची ओळख एका सकाळच्या गैरहजेरीने ठरली.

एकवीस खंड, एक तबकडी

किल्डॉल मात्र नव्या तबकडीच्या मागे लागले होते. संगीतासाठी आलेल्या सीडीवर अक्षरेही साठवता येतात आणि एका सीडीत शेकडो फ्लॉपींचा ऐवज मावतो, हे लक्षात येताच सहकारी टॉम रोलँडर यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये नवी कंपनी काढली. नॉलेजसेट या नावाने ती पुढे ओळखली गेली. १९८५ मध्ये ग्रोलियर या प्रकाशनसंस्थेचा एकवीस खंडांचा ज्ञानकोश त्यांनी एका सीडीवर आणला. हवा तो शब्द टाकावा आणि त्याचा उल्लेख असलेले लेख समोर यावेत, अशी सोय त्यात होती. सीडीवर आलेला हा पहिला ज्ञानकोश होय.

फ्लॉपीच्या वेळी झालेला गोंधळ सीडीबाबतही होणार, अशी चिन्हे होती. तबकडीचा आकार आणि लेझरने वाचण्याची पद्धत सर्वत्र एकच, पण तिच्यावर फाइली कशा मांडायच्या हे जो तो ठरवत होता. यावेळी उद्योग वेळीच सावध झाला. नोव्हेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतील टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा या हॉटेलात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, फिलिप्स, सोनी, डिजिटल इक्विपमेंट अशा कंपन्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. त्यांनी आखलेली पद्धत १९८८ मध्ये आयएसओ ९६६० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली.

हे मानक किल्डॉल यांनी लिहिलेले नाही. तरी त्यांच्या विचारांचे ठसे त्यावर ठळकपणे दिसतात. त्याच्या मूळ पातळीवर फाइलचे नाव आठ अक्षरांचे आणि त्यापुढील प्रकारदर्शक शेपूट तीन अक्षरांचे, असा नियम आहे. हीच आठ-तीनची मर्यादा सीपी/एममध्ये होती, तेथून ती डॉसमध्ये आली आणि तेथून सर्वांना समजेल असे किमान माप म्हणून सीडीवर. आठ इंची फ्लॉपीवर सीपी/एम पहिली दोन वर्तुळे यंत्र सुरू करण्यासाठी राखून ठेवत असे. सीडीच्या मानकातही आरंभीचे १६ भाग रिकामे सोडले आहेत. ज्या सिस्टीमला त्यांची गरज असेल तिने ते वापरावेत, इतरांनी त्यांकडे पाहू नये.

मानकातील आणखी एक युक्ती मराठी माणसाला चटकन उमजेल. आपण २५ लिहिताना आधी दोन लिहितो, पण पंचवीस म्हणताना आधी पाच उच्चारतो. संगणकांतही असेच दोन पंथ आहेत. इंटेलच्या धर्तीची यंत्रे संख्येचा लहान भाग आधी ठेवतात, तर त्या काळातील ॲपल मॅकिंटॉशमधील मोटोरोलाचा प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवत असे. फाइल कोठे आहे आणि केवढी आहे हे सांगणारी संख्या कोणत्या क्रमाने लिहायची? मानककर्त्यांनी वाद घातला नाही. अशी संख्या दोन्ही क्रमांनी, एकामागून एक, दोनदा लिहावी असे त्यांनी ठरवले. ज्याने त्याने आपली वाचावी. थोडी जागा वाया गेली, पण तबकडी सर्वांची झाली.

याच पायावर पुढचे मजले चढले. युनिक्सच्या लांब नावांसाठी रॉक रिज ही पुरवणी आली. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९५ च्या सुमारास जोलिएट ही पुरवणी आणली आणि तिच्यात युनिकोड असल्याने फाइलचे नाव देवनागरीतही देता येऊ लागले. सीडीवरूनच संगणक सुरू करण्याची रीत १९९५ मध्ये ठरली. एकाच तबकडीवर मॅकिंटॉशसाठी आणि विंडोजसाठी वेगळी दारे ठेवून आतील सामान सामाईक ठेवण्याची पद्धतही रूढ झाली.

मराठी वाचकांना या प्रश्नाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. सीडी उघडली तरी आतील मराठी मजकूर वाचता येईलच, याची २००० च्या दशकाच्या आरंभी खात्री नव्हती. प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचे अक्षरसंकेत निराळे होते. ज्या फाँटमध्ये मजकूर लिहिला तो नसेल तर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटत. पुण्याच्या सी-डॅकने केलेले काम, १९९१ चे इस्की हे भारतीय मानक आणि त्यानंतर युनिकोड, यांनी अक्षराचा संकेत त्याच्या वळणापासून वेगळा केला. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी फाँट मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत प्रा. र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली घडला. जे सर्वांना समान आहे ते एका जागी आणि जे यंत्रापुरते किंवा वळणापुरते आहे ते दुसऱ्या जागी, हे किल्डॉल यांच्या बायोसमागचेच सूत्र येथेही उपयोगी पडले.

अखेरची वर्षे

किल्डॉल यांना पैशाची ददात कधी पडली नाही. १९८० च्या दशकात कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या दूरचित्रवाणी मालिकेचे सहनिवेदक म्हणून ते घरोघरी पोहोचले. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल या कंपनीला विकली गेली. डोरोथी यांच्यापासून ते आधीच विभक्त झाले होते. दुसरा विवाह झाला, मुक्काम टेक्सासमध्ये हलला. पण जाईल तेथे ती विमानाची कथा त्यांच्या आधी पोहोचलेली असे. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा वर्धापन सोहळा झाला. किल्डॉल यांना तेथे नामवंत माजी विद्यार्थी म्हणून बोलावले होते. प्रमुख भाषणाचा मान मात्र बिल गेट्स यांना होता, ज्यांनी त्या विद्यापीठात कधी शिक्षण घेतले नव्हते. हा घाव किल्डॉल यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी आठवणी लिहून काढल्या आणि मोजक्या स्नेह्यांना वाचायला दिल्या. त्यांचा काही भाग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अखेरच्या वर्षांत मद्याने त्यांना घेरले होते. जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथील एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला दुखापत झाली आणि तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. सिॲटल येथे त्यांचे दफन करण्यात आले.

दाद मिळाली ती उशिरा. २५ एप्रिल २०१४ रोजी आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कार्यालयासमोर सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला.

आज बहुतेक नव्या संगणकांत सीडीचा ड्राइव्हच नसतो. तरीही नवी ऑपरेटिंग सिस्टीम उतरवून घेताना मिळणाऱ्या फाइलच्या नावामागे अनेकदा आयएसओ ही तीन अक्षरे असतात आणि ती त्या जुन्या मानकाचीच खूण आहे. विंडोजमध्ये मुख्य डिस्कला सी म्हणतात, कारण ए आणि बी ही अक्षरे सीपी/एमच्या काळापासून फ्लॉपीची होती. यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला बिघाड दुरुस्त करणारा तंत्रज्ञ अजून बायोसच म्हणतो. किल्डॉल हे नाव कधी न ऐकलेल्या माणसाच्या तोंडीही त्यांनी दिलेला शब्द आहे. कुणकेश्वरच्या आख्यायिकेत दिवा कोणी लावला होता, त्याचे नाव येत नाही. गलबत किनाऱ्याला लागले, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.